कला आणि डिझाइन यांच्यातली सीमा नेमकी कुठे असते?

तुमच्या प्रकल्पातल्या पोस्टरवरची अक्षरं तुम्ही मुद्दाम एकमेकांत गुंतवलीत, ती सहज वाचता येत नाहीत, आणि परीक्षकांनी ‘ही कला झाली, डिझाइन नव्हे’ असा शेरा मारला. असा भेद खरंच करता येतो का, असं तुम्ही विचारलंय.

करता येतो, असं मला ठामपणे वाटतं. पण नुसतं वस्तूकडे बघून तो करता येत नाही.

‘डिझाइन ग्राहकासाठी, कला स्वतःसाठी’ हे उत्तर तुम्ही वर्गात ऐकलं असेलच. पण ते टिकत नाही. फ्लॉरेन्सचा चित्रकार गिर्लांदायो याने 1485 साली एका अनाथालयाच्या चर्चसाठी वेदीचित्र काढायचा करार केला होता. विषय ठरलेला, मुदत 30 महिन्यांची, मोबदला 115 फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी), आणि निळा रंग औंसाला सुमारे 4 फ्लोरिन किमतीचाच वापरायचा अशी अट. आजचं एखादं ब्रीफसुद्धा (ग्राहक डिझायनरला देतो तो कामाचा तपशील) इतकं काटेकोर नसतं. शिवाय ते चित्र प्रार्थनेच्या जागेसाठी होतं, म्हणजे ‘कलेला उपयोग नसतो’ हेही उत्तर तिथेच गळून पडतं.

वस्तूकडे बघून निवाडा करू पाहणाऱ्यांची कशी पंचाईत होते, ते शिल्पकार ब्रांकुसीच्या खटल्यात दिसतं. त्याचं ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प 1926 मध्ये न्यूयॉर्कला पोचलं. ना चोच, ना पिसं, नुसता वर झेपावणारा चकचकीत धातू. कलाकृतींना जकात माफ होती, पण अधिकाऱ्यांनी त्याला स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाचं सामान यांच्या वर्गात टाकून 40 टक्के जकात लावली. 1928 मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. अमूर्त कल्पना मांडणारी नवी कला अस्तित्वात आहे हे न्यायालयाने मान्य केलं.

मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते ब्रिलो साबणाच्या खोक्याचं उदाहरण. 1964 मध्ये कलाकार अँडी वॉरहॉलने न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात प्लायवुडची खोकी मांडली. दुकानात येणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी हुबेहूब, सिल्कस्क्रीनने छापलेली. त्या मूळ खोक्याचं 1961 चं डिझाइन होतं जेम्स हार्वीचं, आणि हार्वी स्वतः अमूर्त चित्रं काढणारा चित्रकार होता. वेष्टनांचं काम तो पोटासाठी करायचा. उलट वॉरहॉल आधी कित्येक वर्षं जाहिरातींसाठी बुटांची चित्रं काढत होता. म्हणजे चित्रकाराचं खोकं डिझाइन ठरलं आणि जाहिरातवाल्याचं खोकं कला ठरलं! रंग तेच, अक्षरं तीच.

मग फरक कशात? माझ्या मते, तक्रार करण्याचा हक्क कोणाला आहे यात. हार्वीचं खोकं रचता आलं नसतं, किंवा दुकानात कोणाच्या नजरेत भरलं नसतं, तर ‘हे फसलं’ असं म्हणायचा कंपनीला आणि दुकानदाराला पूर्ण हक्क होता. वॉरहॉलचं खोकं उघडत नाही, त्यात साबण नाही, अशी तक्रार कोणी करू शकत नाही. ते आवडलं नाही, पोकळ वाटलं, असं बिनधास्त म्हणा. पण तुम्हाला दिलेला शब्द मोडला, असं म्हणता येणार नाही. (गिर्लांदायोला काम देणाराही तक्रार करू शकत होता, हे खरं. पण ती व्यवहारातली तक्रार. आज त्या चित्रासमोर उभ्या राहणाऱ्याला तो हक्क नाही.)

मी इमारतींमधल्या दिशादर्शक फलकांचं काम करते. चुकीच्या मजल्यावर पोचलेला माणूस माझं नावही जाणत नाही, त्याला ते जाणायची गरजही नाही, आणि तरी तो माझ्यावर चिडला तर त्याचं बरोबर असतं. तुमच्या पोस्टरला हाच प्रश्न लावून बघा. ते वाचून कोणी कुठल्या दिवशी कुठे पोचायचं होतं का? तसं असेल तर परीक्षकांची तक्रार रास्त आहे. नसेल तर ‘कला झाली’ हा शेरा म्हणजे उणीव दाखवणं नव्हे.

सीमा पुसट होते ती, ज्या कामात वापरणाऱ्याचा तक्रारीचा हक्क आणि कलाकाराची त्यापासूनची मोकळीक, दोन्ही एकाच वेळी जागे असतात तिथे. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धस्मारक हे मला माहीत असलेलं त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. 1981 च्या स्पर्धेत 1,421 प्रवेशिकांमधून निवड झाली ती 21 वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीची. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती कोनात मिळतात आणि त्यांवर 58,000 हून अधिक नावं कोरलेली आहेत. क्रम वर्णानुक्रमाने नाही, हुद्द्यानेही नाही, जीव गेला त्या तारखेने. यावर आक्षेप आला तो थेट वापरणाऱ्यांच्या बाजूने: घरच्यांना नाव सापडणार कसं? आक्षेप खराच होता. पण एकट्या स्मिथ आडनावाची माणसं 600 हून अधिक. वर्णानुक्रम लावला असता तर ती भिंत म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. तारखेच्या क्रमामुळे एका चकमकीत पडलेले सोबती शेजारी राहिले, आणि परत आलेल्या सैनिकाला त्याचे दिवस एका जागी सापडतात. नाव शोधायला सूचीचं पुस्तक ठेवलं, त्यात पटल आणि ओळ यांचे क्रमांक दिले. गैरसोय जाणूनबुजून पत्करली आणि मग तिची भरपाईही केली. यात कला कुठे थांबते आणि डिझाइन कुठून सुरू होतं, हे मला सांगता येत नाही, सांगायची गरजही वाटत नाही.

दोन्ही एकत्र आणलं की आपोआप असं काही साधतं, असं मात्र नाही. शिल्पकार डोनाल्ड जडने आपल्या एका कलाकृतीत फेरफार करून टेबल करून पाहिलं होतं. कलाकृतीही बिघडली आणि टेबलही वाईट झालं, ते फेकून दिलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. पुढे त्याने फर्निचर भरपूर केलं, पण शिल्पांपासून वेगळं ठेवून.

आणि एखादी वस्तू काहीही न बदलता एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते, तेही होतं. डिझायनर मार्क न्यूसनची ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडलेली ‘लॉकहीड लाउंज’ ही आरामखुर्ची 2015 मध्ये लिलावात 24 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. एवढ्या किमतीच्या खुर्चीवर पाठ टेकून ‘बसायला अवघड आहे’ असं म्हणणारं कोण उरणार? माझ्या लेखी ती आता डिझाइन राहिलेली नाही.