स्टीलचा पुढचा बंपर निवडताना आणि बसवताना

प्रश्न : ऑफ-रोड गाडीला विंचसह (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) स्टीलचा बंपर लावायचा आहे. काय पाहावं?

उत्तर : आधी त्याचे ब्रॅकेट पाहा. ते थेट चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) टोकांना बोल्टने बसायला हवेत. एअरबॅग असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी एअरबॅगला सुसंगत म्हणून तपासलेला बंपर घ्या; अतिकडक बंपरमुळे धडकेचा धक्का बदलतो आणि एअरबॅगची वेळ चुकू शकते. इथे तडजोड नकोच. विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच फॉग लॅम्प आणि सेन्सरचे कनेक्टर सोडवा. विंच आधी बंपरमध्ये बसवा, नंतर हात पोहोचत नाही. बंपर जॅकवर तोलून सगळे बोल्ट हातानेच अडकवा. बॉडी रबर माउंटवर हलते, म्हणून बंपर आणि फेंडरमध्ये (चाकावरच्या पत्र्यामध्ये) १५ ते २० मिमी फट ठेवा. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात पत्रा चेपतो. फट जुळली की मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना), माहितीपत्रकातल्या आकड्याइतकं आवळा. ५०० किमीनंतर पुन्हा तपासा.

वाढलेल्या वजनाने पुढची बाजू बसली तर जड स्प्रिंग लागतील. हेडलाइटचा झोतही नव्याने जुळवा.