बारावीला बायोलॉजी नसलेल्या लिबरल आर्ट्सच्या मुलांना फिजिऑलॉजी कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की आजवर मेडिकलच्या मुलांना शिकवलंत, आता लिबरल आर्ट्स कॉलेजात फिजिऑलॉजीचा, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं याचा, एका सेमिस्टरचा कोर्स घ्यायचाय, वर्गात इकॉनॉमिक्स, इतिहास, कॉम्प्युटर, सायकॉलॉजी सगळी सरमिसळ आहे, तर अभ्यासक्रम किती सोपा करावा? मी अशाच एका कॉलेजात हा कोर्स घेते. माझं स्पष्ट मत आहे: सोपा करू नका, छोटा करा.

रक्त, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड असं दर आठवड्याला एक प्रकरण उरकत गेलात तर मुलांच्या हाती फक्त नावं राहतात. त्यापेक्षा चार-पाच क्रिया निवडा आणि त्या आकडेमोडीसकट तळापर्यंत न्या. बाकीचे विषय मुलं स्वतःच वर्गात घेऊन येतात.

माझ्या कोर्सचा मोठा भाग ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या साखर-मिठाच्या, पुडीवर चालतो. एक लिटर पाण्यासाठीचं प्रमाण पुडीवर छापलेलंच असतं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. मी फळ्यावर रेणुभार लिहून देते आणि मिलिमोल, म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक, काढायला लावते. २.६ ग्रॅम भागिले ५८.५, म्हणजे मिठाचे साधारण ४४. सायट्रेटचे जेमतेम १०, पण त्याच्या एका रेणूत सोडियम तीन, म्हणून आणखी ३०. सोडियम झालं सुमारे ७५. ग्लुकोज काढलं की तेही ७५ येतं. मग कोणीतरी विचारतंच, ‘मॅम, दोन्ही सारखं का?’ शिकवायला खरी सुरुवात इथून होते.

लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेतं आणि मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्याच्या विषामुळे पेशी क्लोराइड बाहेर टाकत सुटतात, पाणीही वाहून जातं, पण हे वाहक शाबूत राहतं. म्हणून जुलाब चालू असतानाही साखर-मीठ एकत्र दिलं तर पाणी शोषलं जातं. हुशार मूल लगेच अडवतं: मग सोडियम दुप्पट का नाही? कारण जुलाबात शरीराचं स्वतःचं सोडियमही आतड्यात उतरतच असतं. पुढचा हिशेब बेरजेचा. पाण्यात विरघळलेले सगळे कण मिळून लिटरला २४५ मिलिमोल. २००२ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ही बेरीज ३११ होती, रक्ताच्या २८५-२९०च्या वर. द्रावण रक्तापेक्षा तीव्र झालं की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, त्यामुळे जुलाबात गोड कोल्ड्रिंक का नको हे मुलांना आकड्यातून कळतं.

यानंतर इतिहासाच्या मुलांची पाळी. कॉलऱ्याच्या विषाचा पुरावा शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दिला. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागमध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावला लोटले, कॉलरा पसरला, सलाईन पुरेना. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला लावलं. त्यांच्याकडचं मृत्यूचं प्रमाण, जे आधी ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टरांच्या हातातलं काम घरच्या माणसांनी केलं, यावर सोशिऑलॉजीची मुलं तासभर बोलू शकतात, आणि बोलू द्यावं. पब्लिक पॉलिसीवाल्यांसाठी अलीकडचं उदाहरण आहे: हे सूत्र न पाळणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२५ मध्ये मनाई केली. २४५ची बेरीज स्वतः केलेल्या मुलाला त्या आदेशाचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

प्रॅक्टिकलसाठी प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही. रक्त शरीरात फिरतं हे दाखवणाऱ्या विल्यम हार्वेचा १६२८चा प्रयोग बीपीच्या पट्ट्यावर होतो. दंडाला पट्टा बांधून बीपीच्या मापावर ४०-५०पर्यंतच फुगवा, हाताच्या शिरा टरारून येतात आणि झडपांच्या जागी गाठी दिसतात. एका बोटाने शीर दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून वरच्या गाठीपलीकडे रक्त सरकवा आणि ते बोट उचला. मधली शीर रिकामीच राहते, वरून रक्त परत येत नाही. खालचं बोट उचललं की क्षणात भरते. मग हिशेब: एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे तासाला जवळजवळ ३०० लिटर. एवढं रक्त अन्नातून सतत नवं बनणं अशक्य, तेव्हा तेच फिरत असलं पाहिजे. पुरावा कसा उभा राहतो हे बघायला फिलॉसॉफीच्या मुलांना याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

एक पथ्य मात्र पाळाच. मुलांचं स्वतःचं बीपी, वजन, पाळीची माहिती फळ्यावर येता कामा नये. मोजायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, न मोजणाऱ्याला तयार आकडे द्या.

पेपर तपासताना एका वाक्यावर लक्ष ठेवा: ‘शरीराला ऑक्सिजन हवा असतो म्हणून श्वास वाढतो.’ त्याखाली मी लिहिते, कोणाला कळलं, कुठे, कशावरून? एरवी मेंदूला खबर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची लागते, हे त्याशिवाय बाहेर येत नाही.

व्याख्या विचारू नका. माझा एक नेहमीचा प्रश्न देते: मॅरेथॉनमध्ये चार तास नुसतं पाणी पीत राहिलेली धावपटू शेवटी असंबद्ध बोलू लागली, का? सोडियम कुठे पातळ झालं, पाणी कुठून कुठे गेलं, मेंदूच्या पेशींचं काय झालं, सगळं बाण काढून दाखवायचं. पुस्तक उघडं ठेवायला परवानगी, वेळ चाळीस मिनिटं.