विरोध होत असताना ख्रिस्ती विश्वासाविषयी धैर्याने कसे बोलावे?

आपण लिहिले आहे की सोलापुरात नोकरीच्या ठिकाणी आपण ख्रिस्ती आहात हे कोणाला ठाऊक नाही, आडनावावरून ते कळत नाही, सहकारी धर्मांतराविषयी जे बोलतात ते ऐकून तोंड उघडवत नाही, आणि चर्चच्या मंडळीतले काही जण, साक्ष देत नाही, म्हणजे विश्वासाविषयी उघड बोलत नाही, म्हणून आपल्याला भित्रा ठरवतात. धैर्य कसे आणावे हे मला सांगता येणार नाही, कारण माझ्यात ते कधी आलेच नाही. माझे बिंग फुटले.

मी येथील एका कापड गिरणीच्या हिशेबखात्यात कारकून होतो. माझे आडनाव या जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडणारे, आणि दुपारच्या डब्यात सर्वांसारखीच कडक भाकरी व शेंगांची चटणी. त्यामुळे अकरा वर्षे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. नाताळाला मी दरवर्षी पोटदुखीची रजा काढत असे. खात्यात दर श्रावणात सत्यनारायण होई, पूजेला कोणत्या जोडप्याने बसायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरे, आणि १९९१ साली चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. प्रसादाचा शिरा मी मुकाट्याने खात आलो होतो, परंतु पत्नीसह पाटावर बसून संकल्प सोडणे ही निराळी गोष्ट होती. त्या वेळी खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी म्हणालो, "घरात सुतक आहे."

सुतक म्हटल्यावर पुढे काय होते ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही, आणि तरीही ते मला त्या क्षणी सुचले नाही. त्याच संध्याकाळी चौघे सहकारी समाचाराला घरी आले. पत्नीला कशाचाच पत्ता नव्हता. तिने हसून दार उघडले, सतरंजी अंथरली आणि पुन्हा आत गेली, कारण कढईत भजी होती; सुतकाच्या घरात तळणीचा वास भरून राहिला होता. चौघांत आमचे हेडक्लार्क होते, ज्यांना सारे खाते अण्णा म्हणे. आमच्याकडे चूल पेटली नसेल या समजुतीने त्यांनी आपल्या घरून पिठले-भाकरीचा डबा फडक्यात बांधून आणला होता. त्यांनी भिंतीवरचा क्रूस पाहिला, त्याखालचे शास्त्रवचनांचे कॅलेंडर पाहिले, आणि विचारले, "कोण गेले?"

पत्नी झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, "कोणी गेले नाही, अण्णा. आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून पूजेला बसता येत नाही." माझ्या आयुष्यातील पहिली साक्ष ती, आणि तीही खोटे पकडले गेल्यावर दिलेली. अण्णांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "तू कोण आहेस त्याचे मला काही नाही. पण सुतक सांगितलेस." एवढे बोलून ते उठले. डबा तेथेच राहिला.

आपण ज्याला विरोध म्हणता तो त्यानंतर सुरू झाला. टेबलाच्या खणावर कोणी तरी खडूने 'बाटगा' लिहून ठेवले, किती रुपये मिळाले असे विचारले गेले, काही दिवस माझा चहाचा पेला वेगळा राहिला. हे सारे वाईट होते, परंतु अकरा वर्षे ज्या भयाने मी झोपेतून दचकून उठत असे त्या मानाने ते किरकोळ निघाले, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी आपण होऊन माझ्याकडून नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मागून नेला. काही दिवसांनी डबा खाताना ते म्हणाले, "तो येशूचा शिष्य पेत्र, येशूला धरून नेल्यावर शेकोटीपाशी दासी विचारते तर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा, अगदी तुझ्यासारखा निघाला की. मग त्याला काढून टाकले का?" मी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील समुद्रकिनाऱ्याची गोष्ट सांगितली: निखाऱ्यांवर मासळी आणि भाकरी तयार आहे, येशू 'न्याहारी करा' म्हणतो, आणि त्यानंतरच पेत्राला 'माझ्यावर प्रीती करतोस का' असे तीनदा विचारतो. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. गिरणी बंद पडेपर्यंत ते विचारत राहिले आणि मी उत्तरे देत राहिलो. ते शेवटपर्यंत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे भक्त होते आणि गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजापुढे चालत असत. म्हणून माझी साक्ष वाया गेली, असे माझे थोरले मेव्हणे मानतात.

मेव्हण्यांचे मत आपल्या मंडळीतल्या लोकांसारखेच आहे. ते यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर पत्रके वाटत, शिऱ्याचा द्रोण परत करून तेथल्या तेथे उपदेश करत, आणि मला 'कच्चा विश्वासू' म्हणत. माझे स्पष्ट मत असे की दुसऱ्याच्या जत्रेत जाऊन त्याच्या देवाला नावे ठेवणे हा उद्धटपणा आहे. 'तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असा' हे पेत्राच्या पहिल्या पत्रातील वाक्य मेव्हणे तोंडपाठ म्हणतात, पण पुढचे 'सौम्यतेने व भीडस्तपणाने' हे शब्द गिळून टाकतात. आणि हे लिहिणारा पेत्र शेकोटीपाशी तीनदा नाकारून बसलेला आहे, हेही विसरतात. ते मला ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण देतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला हे खरे, परंतु त्या धैर्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही मोजली, आणि ख्रिस्ती होण्याचा निर्णय त्यांनी काही वर्षांनी स्वतःच्या मनाने घेतला, कोणाच्या पत्रकाने नव्हे. अर्थात प्रेषित पौल अथेन्सच्या बाजारात रोज भेटेल त्याच्याशी वाद घालत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आहे, आणि मेव्हणे ते मला लगेच दाखवतील.

आणखी एक गोष्ट मेव्हण्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. मैदानावर एकदा एकाने त्यांच्या कानशिलात मारली; दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी गेले, त्या माणसाला शोधून त्याच्याशी शांतपणे बोलले. मी असतो तर पोटदुखीची रजा काढली असती.

कायद्याविषयी थोडक्यात. घटनेच्या २५व्या अनुच्छेदात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत धर्माच्या प्रसाराचाही हक्क आहे, मात्र त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले आहे. तेव्हा विश्वासाविषयी सांगा, पण पैसा, औषध, शाळाप्रवेश यांपैकी काहीही त्याच्या जोडीला आणू नका. प्रत्यक्ष मारहाणीची धमकी असेल तर माझी गोष्ट आपल्या कामाची नाही. तेथे एकट्याने जाऊ नये, पाळकांना सांगावे आणि लेखी तक्रार द्यावी.

आपल्या बाबतीत मात्र, सहकाऱ्यांना काही पटवून देण्याच्या आधी, येत्या नाताळाच्या रजेच्या अर्जात खरे कारण लिहा. मी ते १९९१ च्या डिसेंबरात प्रथम लिहिले. अण्णा तेव्हा माझ्याशी कामापुरतेच बोलत होते, त्यांनी अर्ज दोनदा वाचला, सही केली, आणि म्हणाले, "घरी डबा राहिलाय माझा, येताना घेऊन ये."