मालीश थांबवा, खुर्चीवरून उठवा

प्रश्न : आईचं वय ७६. मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडलं. अर्धा सांधा बदलून चार आठवडे झाले. पायावर पूर्ण भार द्यायला डॉक्टरांची हरकत नाही. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात, एरवी मालीशवाल्या मावशी. आई पलंगावरून उतरायलाच घाबरते. रोज काय करून घ्यावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : पोटरीची मालीश आजच थांबवा. अशा शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, आणि रगडल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. शिवाय तेलाने बरं वाटतं, ताकद येत नाही. ती भार पेलूनच येते.

पलंगावरचे व्यायाम दहा मिनिटांत आटपा. घोटे वर-खाली २० वेळा. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडीचे स्नायू घट्ट आवळून ५ आकडे मोजायचे, असं १० वेळा. आकडे मोठ्याने मोजायला लावा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही.

खरा व्यायाम खुर्चीचा. हातांची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला पाहिजे. बैठक खाली वाटली तर घट्ट घडीची सतरंजी घाला, मऊ उशी नको. आईंनी कडेला सरकावं, ऑपरेशनचा पाय जरा पुढे ठेवावा आणि खुर्चीचे हात दाबत उठावं. वॉकर धरून उठू देऊ नका, तो अंगावर कलंडतो. तुम्हीही काखेत हात घालून ओढू नका. बाजूला उभं राहून कमरेला आधार पुरे. बसताना पायांच्या मागे खुर्ची लागली की मगच हात मागे न्यायचे आणि सावकाश टेकायचं. बहुतेक जण इथे धपकन बसतात. पण मांडीला खरं काम पडतं ते हळू खाली येतानाच. सुरुवातीला ५ वेळा, दिवसातून तीनदा; जमेल तसं १० पर्यंत न्या.

वॉकरची मूठ हात खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यावी. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. वॉकरच्या पायांची रबरी बुचं झिजली असतील तर लगेच बदला. ओल्या फरशीवर ती हमखास सरकतात. वळताना ऑपरेशनच्या पायावर गिरकी नको, छोटी पावलं टाकत वळायचं.

छेद मागच्या बाजूने घेतला असेल, तर सर्जन सांगेपर्यंत मांडी घालणं, पाटावर बसणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून वस्तू उचलणं बंद. देशी संडासाऐवजी कमोडची खुर्ची आणा आणि रात्री ती पलंगाजवळच ठेवा.

भीतीचं म्हणाल तर आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवून घोटे हलवायला सांगा. एकदम उठलं की रक्तदाब उतरून गरगरतं, त्याचीच पुढे धास्ती बसते. तरीही गरगरलं तर रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर आकडा निम्म्यावर आणा. एकाच पोटरीला सूज, अचानक धाप, किंवा पाय एकाएकी आखूड-वाकडा दिसणं, यातलं काहीही झालं तर तडक रुग्णालय गाठा.

आणि एक, जे बऱ्याच घरांत राहून जातं: हाडांच्या ठिसूळपणाचं औषध सुरू झालंय का, ते विचारा.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे. रोज अर्धा तास चालतात, तरी दोनदा तोल गेला. चालणं वाढवावं का?

उत्तर : नको. नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात वृद्धांसाठी घरी करायचा जो कार्यक्रम तयार झाला, त्यात आठवड्यातून तीनदा पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आहेत. चालणं त्याच्या जोडीला. घरी स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणं १० वेळा, आडवं चालणं ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एका पायाच्या टाचेमागे दुसऱ्याचा अंगठा लावून १० सेकंद उभं राहणं, एवढ्यापासून सुरुवात करा. दोन्ही हातांऐवजी एक, मग नुसती बोटं, अशी पकड कमी करत जा. मागे पट्टा नसलेल्या चपला घरातून हद्दपार करा. पण तोल गेला तेव्हा चक्कर आली होती का, हे आधी विचारा. आली असेल तर आधी डॉक्टर, ओटा नंतर.