शिंपल्यातली चमकणारी रेघ

तुम्ही विचारलंय की जिवंत शिंपल्याला चमकणारा रंग देऊन वाढ मोजतात ती कशी, आणि कवचातल्या रेषा नुसत्या मोजून भागत नाही का.

रेषा मोजता येतात. पण एक रेष म्हणजे एक दिवस, एक भरती की एक वर्ष, हे ती स्वतः सांगत नाही. शिवाय मोजणीही चुकते. 2006 मध्ये आइसलँडजवळ सापडलेल्या आर्क्टिका जातीच्या शिंपल्याचं वय आधी चारशेच्या थोडं वर मोजलं होतं, 2013 मध्ये तेच 507 निघालं. रेषा दाटीने बसल्या की असं होतं.

रंग काय करतो, तर कवचात तारीख टाकतो. मी प्रयोगशाळेत कॅलसीन नावाचा रंग वापरायचो. नारिंगी पूड असते, साध्या पाण्यात विरघळायला कुरकुर करते, चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की विरघळते. कॅलसीन कॅल्शियमला धरून बसतं. शिंपला कवचाच्या कडेला नवा थर घालत असताना ते त्या थरात अडकतं आणि निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं. मग शिंपला साध्या समुद्राच्या पाण्यात परत सोडायचा, त्यावर नवे थर चढत राहतात. असं दोनदा केलं, मध्ये 14 दिवस ठेवून आणि प्राणी पिंजऱ्यात घालून किनाऱ्यावर परत ठेवून, तर दोन हिरव्या रेघांमधल्या रेषा मोजायच्या. 14 आल्या तर रोजच्या. 27 च्या आसपास आल्या तर भरतीच्या, कारण दिवसाला दोन भरत्या येतात तिथे त्या साधारण 12 तास 25 मिनिटांनी येतात.

माझी पहिली खेप वाया गेली. कवचं कापली, रेझिनमध्ये बसवली, घासून आरशासारखी केली, सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश टाकला आणि हिरवं काहीच नाही. शिंपले घाबरून घट्ट मिटून बसले होते, रंग आत गेलाच नव्हता. पुढच्या वेळी रंगाच्या पाण्यात थोडं शेवाळ टाकलं. खायला मिळतंय म्हटल्यावर उघडले.

दोन गोष्टी सांभाळा. काही शिंपले रंगाशिवाय, पण अगदी तसेच हाताळून ठेवा. नुसतं उचलल्यानेसुद्धा वाढ थबकते आणि कवचात खूण उमटते. शिवाय कवच थोडंफार स्वतःहूनही चमकतं, तेही या बिनरंगी शिंपल्यांवरून कळतं. आणि रंगवलेली कवचं अंधारात ठेवा. कॅलसीन उन्हात विटतं, मग कडेवरची रेघ दिसेनाशी होते आणि आपण उगाच जनावराला दोष देतो.

प्राणी मरतात का, हेही विचारलं होतंत. बेताच्या मात्रेत काही तास ठेवलेले माझे तरी नीट जगले. मरतात ते शेवटी, कापायच्या वेळी.