गावनिहाय जनगणनेतून नव्या निपाणी तालुक्याची आणि वेदगंगा-दूधगंगेच्या पूरपट्ट्याची लोकसंख्या क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये कशी काढावी?

तुमच्याकडे 2011 च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे आहेत आणि तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: बेळगाव जिल्ह्यातील आजच्या निपाणी तालुक्याची लोकसंख्या, आणि वेदगंगा-दूधगंगेच्या पुराखाली येणाऱ्या पट्ट्यातील लोकसंख्या. हे दोन्ही प्रश्न एकाच पद्धतीने सोडवू नका.

निपाणी तालुका 2011 मध्ये नव्हता. तो पुढे चिकोडीतून वेगळा झाला. पण तालुक्याची हद्द गावांच्या शिवेवरून जाते, ती गाव कापत नाही. त्यामुळे येथे अंदाज करण्याची गरजच नाही. नव्या तालुक्यातील गावांची आणि शहरांची यादी घेऊन त्यांच्या आकड्यांची बेरीज करा, एवढेच काम आहे. फक्त हे आकडे नकाशाला जोडताना गावाच्या नावावर जॉइन (दोन तक्त्यांची जोडणी) करू नका, जनगणनेने गावाला दिलेल्या सहा अंकी क्रमांकावर करा. आपल्या सीमाभागात एकच नाव मराठी, कन्नड आणि जुन्या इंग्रजी नोंदींत तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. मी एकदा नावावर जॉइन केला होता. काही गावे रिकामी राहिली आणि तालुक्याची बेरीज छापील आकड्याशी ताडून पाहीपर्यंत ते माझ्या लक्षात आले नाही.

पूर मात्र शीव पाहत नाही, म्हणून खरा अंदाज येथे करावा लागतो. आधी गावांचा आणि पूरपट्ट्याचा असे दोन्ही लेअर (नकाशाचे थर) यूटीएम 43 उत्तर, म्हणजे ईपीएसजी 32643, या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये आणा, कारण अक्षांश-रेखांशात मोजलेल्या क्षेत्रफळाला अर्थ नसतो. मग आकृत्यांतील चुका दुरुस्त करणारे ‘फिक्स जिऑमेट्रीज’ चालवून ‘इंटरसेक्शन’ करा, म्हणजे प्रत्येक गावाचा पूरपट्ट्यात येणारा तुकडा वेगळा होईल. कागलच्या बाजूला कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या फायली एकमेकींवर चढलेल्या आढळल्या, तर त्या चिंचोळ्या तुकड्यांतील लोक दोनदा मोजले जाणार नाहीत हे पाहा.

यानंतर बहुतेक जण तुकड्याचे क्षेत्रफळ भागिले गावाचे क्षेत्रफळ, गुणिले लोकसंख्या, असे सूत्र क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये घालतात. ते सूत्र गृहीत धरते की लोक शिवारभर सारखे पसरलेले आहेत, आणि आपल्याकडे ते तसे नसतात. समजा, एका गावाचे शिवार 1,000 हेक्टर आहे, लोकसंख्या 4,000 आहे आणि पूर 300 हेक्टरवर येतो. सूत्र 1,200 माणसे सांगेल. पण गावठाण जेमतेम 20-25 हेक्टरांचे असते. ते उंचवट्यावर असेल, तर पाण्याखाली फक्त ऊस आणि मळ्यातील थोडी घरे जातील. ते काठाला चिकटून असेल, तर निम्म्याहून अधिक गाव त्या 300 हेक्टरांत सापडेल. अक्कोळ-सिदनाळ किंवा कारदगा-भोज या पुलांच्या परिसराची उपग्रह प्रतिमा उघडून घरे कोठे आहेत आणि ऊस कोठे आहे हे एकदा डोळ्यांनी पाहा. मग सरासरीवर विसंबावेसे वाटणार नाही.

म्हणून लोकसंख्या जमिनीवर न वाटता घरांवर वाटा. गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज या संचात आपल्या भागातील इमारतींचे आराखडे मोफत मिळतात. गावाची लोकसंख्या त्या गावातील इमारतींवर छताच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायची आणि पूरपट्ट्यातील इमारतींची बेरीज करायची. प्रत्येक गावाची बेरीज जनगणनेच्या आकड्याइतकीच राहिली पाहिजे, ही अट भूगोलतज्ज्ञ वाल्डो टोबलर यांनी 1979 मध्ये मांडली आणि ती आजही सोडू नये. येथे हाताने करण्याचे एक काम आहे आणि ते टाळू नका. निपाणी ही तंबाखूची पेठ आहे. तंबाखूच्या एकेका वखारीचे छत दहा-वीस घरांएवढे असते आणि तेथे कोणी राहत नाही. वखारी, साखर कारखान्यांच्या शेड आणि शाळा वगळल्या नाहीत, तर शेकडो माणसे तुम्ही रिकाम्या छतांखाली बसवाल. वर्ल्डपॉप या संचातील शंभर मीटरच्या चौकोनांचे लोकसंख्येचे तयार आकडे पडताळणीसाठी वापरू नका. तेही जनगणनेचेच आकडे मॉडेलने वाटून केलेले असतात.

साक्षरतेची टक्केवारी अशी वाटता येत नाही. साक्षर माणसे आणि एकूण माणसे वेगवेगळी वाटून मग टक्केवारी काढा. मातृभाषेच्या आकड्यांबाबत मात्र माझी कळकळीची विनंती आहे की, ते वाटूच नका. 2011 चे ते आकडे तालुक्याच्या खाली गावनिहाय दिलेले नाहीत, आणि जुन्या चिकोडी तालुक्यात मराठी बोलणारे निपाणीच्या बाजूला दाट आहेत. जुन्या तालुक्याचे प्रमाण दोन्ही भागांना सारखे लावले, तर निपाणीत मराठी कमी दिसेल आणि उरलेल्या चिकोडीत जास्त. सीमाभागात असा आकडा एकदा छापला गेला की लोक तो पुरावा म्हणून वापरतात.

तुमच्या पद्धतीची चूक किती आहे हे मोजण्याची सोय तुमच्या पहिल्याच प्रश्नात आहे. जुन्या चिकोडी तालुक्याची फक्त एकूण लोकसंख्या घ्या, ती एकदा क्षेत्रफळावर आणि एकदा इमारतींवर वाटून निपाणीचा अंदाज काढा आणि गावांच्या बेरजेतून आलेल्या खऱ्या आकड्याशी ताडा. पूरपट्ट्याचे तुकडे तालुक्याहून फार लहान असल्याने तेथे चूक याहून मोठी धरा, आणि अहवालात एकच आकडा न देता खालची व वरची मर्यादा द्या. शेजारी ‘2011 ची लोकसंख्या’ असे स्पष्ट लिहा. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, आणि ते आकडे आले की हेच काम नव्याने करावे लागेल.