आकडे फिरतात, म्हणून संख्याशास्त्र सोडायचं?

प्रश्न : मुलगी गणित-संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे एम.एस्सी. करून संशोधनात जायचं म्हणते. आम्ही म्हणतो, यूपीएससी कर. शास्त्रज्ञांवर आता विश्वास कोणाचा उरलाय? ज्याला जसे हवे तसे तो आकडे फिरवतो. अशा क्षेत्रात तिनं का जावं?
– एक पालक, मानेवाडा, नागपूर

नमस्कार भाऊ,

आकडे फिरवले जातात, यात वाद नाही. पण ३० मे २०२४ चा दिवस आठवा. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि तो आकडा मोबाइलवरून देशभर गेला. त्याच दिवशी वर्धा रोडवर, खापरीच्या कापूस संशोधन संस्थेच्या शेतातल्या केंद्रावर नोंद होती ४४ च्या आसपास. नागपूरचं ऊन कितीही बेक्कार असलं तरी एकाच शहरात बारा अंशांचा फरक पडतो का? पुढे हवामान विभागानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. तो खुलासा तुमच्या ग्रुपवर आला होता का, बघा जरा.

यंत्र बिघडणं ही लबाडी नव्हे. खुलासा झाल्यावरही तोच आकडा फिरवत राहणं, किंवा त्या एका आकड्यावरून ‘वेधशाळेवाले काहीही सांगतात’ म्हणणं, ही लबाडी. ती पकडायला शेजारच्या केंद्राची नोंद उघडून बघणारं माणूस लागतं. तुमची मुलगी नेमकं तेच शिकतेय.

मोठ्या नावांच्या बाबतीतही हेच. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते. खर्चकपातीच्या बाजूनं बोलणाऱ्या नेत्यांनी ते उचलून धरलं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं अभ्यासाचा भाग म्हणून त्यांची एक्सेल शीट मागवली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले! ते आणि इतर दोष दुरुस्त केल्यावर आकडा आला २.२ टक्के. एक्सेलची चूक लेखकांनी मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही. चालायचंच. पण पोरानं शीट मागितली आणि त्यांनी ती दिली, माझा भरवसा आहे तो या रीतीवर.

आता यूपीएससीचं. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससीच घेते आणि पदवीला संख्याशास्त्र असलं की तिला बसता येतं. म्हणजे तुमचा नि तिचा रस्ता बराच लांबपर्यंत एकच आहे. औषध कंपन्यांनाही नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी संख्याशास्त्रज्ञ लागतात. पीएच.डी.चं मात्र गोड चित्र रंगवत नाही. वर्षं जातात, आणि फेलोशिपच्या पैशांची वाट बघावी लागते.

तिला हे काम मानवेल का, ते घरीच कळेल. ग्रुपवर आलेला एखादा आकडेवाला मेसेज तिला द्या. मूळ आकडा कुठला, कधीचा, काय गाळलं, हे तिला एका पानात लिहू द्या. दोन-तीन संध्याकाळी ती त्यात रमली तर अडवू नका. तासाभरात कंटाळली तर मला पुन्हा लिहा, दुसरं काही बघू.

रमलीच तर आतापासून ‘आर’ ही आकडेवारीच्या कामाची संगणकभाषा शिकायला लावा. एम.एस्सी.साठी आयआयटीच्या जॅम परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुरू होतात, आणि ते तिसऱ्या वर्षात असतानाच भरायचे असतात.